गुरुवारी खणलेला चर

तळवड्यात माझ्या कारखान्याशेजारी ज्याची शेड आहे, त्या माणसाने मला फसवलं. बुधवारी संध्याकाळी माझ्या ऑफिसात बसून, माझा चहा पिता पिता तो म्हणाला, "काका, उद्या बंद आहे. निवांत बसू आणि रस्त्याचा विषय कायमचा मिटवू." गुरुवारी सकाळी त्याने आमच्या सामाईक रस्त्यात, माझ्या भिंतीच्या पायाला लागून, जेसीबीने चर खणला. भिंत पडली. भिंतीच्या आधाराने माझ्या वॉचमनची पत्र्याची खोली होती आणि खोलीत त्याची बायको भाकरी करत होती.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बरंच कायद्याचं येणार आहे. कायद्याचं बोलणं सुरू झालं की मूळ कोणी काय केलं ते मागे पडतं, असा मला या काही महिन्यांत अनुभव आला.

मी धाराशिवकडचा. भोसरीत हेल्पर म्हणून लागलो, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसवर उभा राहिलो, मग भाड्याच्या गाळ्यात एक जुनी प्रेस टाकली आणि मग तळवड्यात स्वतःची शेड बांधली. गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करतो. शिक्षण नाही, ओळखी नव्हत्या, वडिलांची जागा नव्हती. जे मिळवलं ते तोंडाने मिळवलं. माझा आवाज मोठा आहे आणि राग लवकर येतो, हे मला माहीत आहे. दोन्ही मी धंद्यात वापरत आलो.

आमच्या पट्ट्यात सौदा कसा होतो हे बाहेरच्याला समजावून सांगणं अवघड आहे. माणूस पहिल्यांदा धमकी देतो. "उद्यापासून तुझा माल बंद." "गेटला कुलूप लावीन." "बघतोच तुझी गाडी इथून कशी जाते." समोरचा त्याहून मोठी धमकी देतो. आजूबाजूचे कामगार मशिनवरून मान वर करतात आणि पुन्हा कामाला लागतात. मग कोणीतरी चहा मागवतो आणि बोलणं सुरू होतं. धमकी ही आमच्याकडे पहिली मागणी असते. ती कोणी पुरी करत नाही, जशी पहिली किंमत कोणी देत नाही.

शेजारच्या शेडचा जुना मालक, म्हणजे याचे वडील, या विद्येत माझ्याहून पुढे. ते मूळ इथले. जिथे आज आमच्या दोघांच्या शेड आहेत ती त्यांचीच जमीन होती. आमच्या मधला रस्ता सामाईक आहे आणि अरुंद आहे. चाकणहून पत्र्याची कॉइल घेऊन येणारा ट्रेलर त्यात जेमतेम वळतो. म्हातारा मुद्दाम तिथे लोखंडी पिंपं ठेवायचा. मी रस्त्यात उभा राहून ओरडायचो, "जेसीबी लावीन! पिंपंच काय, तुमचं गेटपण जाईल!" म्हातारा लुंगी आवरत बाहेर यायचा आणि शांतपणे म्हणायचा, "लाव की. डिझेल आमी घालतो." मग पिंपं हलायची, आणि संध्याकाळी त्यांच्याकडून पेरूची पिशवी यायची. वर्षानुवर्षं असंच चाललं.

मग म्हाताऱ्याने कारभार मुलाच्या हाती दिला. मुलगा परदेशातून मॅनेजमेंट शिकून आलेला. स्वच्छ शर्ट, हळू आवाज. आल्या आल्या चारी कोपऱ्यांना कॅमेरे बसवले. कामगारांशी नीट बोलायचा, मला वाकून नमस्कार करायचा. पण तो कधी ओरडला नाही, आणि न ओरडणाऱ्या माणसाशी सौदा कसा करायचा हे मला आजही येत नाही. त्याने नवीन गेट बांधलं आणि गेटचा काँक्रीटचा खांब सरळ रस्त्यात घेतला. ट्रेलर वळेना. मी जाऊन ओरडलो. तो म्हणाला, "काका, आय अंडरस्टँड." खांब तिथेच.

तेव्हा मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप पाठवला. शब्द काही मी लपवत नाही, पुढे पोलिसांनीही ते ऐकले. "खांब हटव. नाहीतर जेसीबी लावून तुझा खांब, गेट आणि वर लावलेले ते कॅमेरे सगळं इंद्रायणीत नेऊन टाकीन. माझ्याशी गाठ आहे." त्याच्या वडिलांनी याला उत्तर म्हणून मला दुप्पट शिव्या घातल्या असत्या आणि चहाला बोलावलं असतं. याचं उत्तर आलं, "नोटेड."

त्याच सुमारास मला नवीन प्रेस बसवायची होती. मोठ्या प्रेसला जमिनीत पाया लागतो, त्यासाठी खोल खड्डा खणावा लागतो. असली कामं आम्ही गुरुवारी करतो. गुरुवार हा आमच्या पट्ट्याचा रविवार. कारखाने बंद, रस्ते मोकळे, वर्दळ नाही. म्हणून बुधवारी दुपारीच मी जेसीबी आणून माझ्या आवारात उभा केला. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात तो दिसला असणारच. संध्याकाळी तो स्वतः आला, चहा प्यायला, माझ्या मुलीच्या शिक्षणाची चौकशी केली आणि उद्या बसू म्हणाला. मला बरं वाटलं. पोरगं लाइनवर आलं, असं मी घरी येऊन म्हणालोही.

जेसीबी कशासाठी आणलाय हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. माझ्या आवारात मी काय उभं करतो ते मी कोणाला का सांगू?

गुरुवारी वॉचमनचा फोन आला तेव्हा मी चिखलीत घरी दाढी करत होतो. तो काही बोलतच नव्हता, नुसता "साहेब, साहेब" करत होता. मी गाडी काढली. बंदच्या दिवशी तळवड्यात जी शांतता असते ती मला एरवी आवडते. त्या दिवशी त्या शांततेत दुरूनच त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. धूळ अजून बसली नव्हती. माझी भिंत लांबच्या लांब आडवी झाली होती. विटांखाली पत्रे, पत्र्यांखाली चूल, आणि वॉचमन हातांनी विटा फेकत होता. शेजाऱ्याने मागवलेल्या जेसीबीचा ड्रायव्हर, बिहारकडचा कोवळा पोरगा, मशिन बंद करून त्याच्यासोबत विटा उचलत होता आणि रडत होता. मीही वाकलो. तिला बाहेर काढलं तेव्हा ती शुद्धीवर होती. तिने एक पाऊल हलवून दाखवलं. दुसरं हललं नाही.

शेजारी त्याच्या गेटच्या आत, खांबाच्या पलीकडे उभा होता. कानाला फोन. रुग्णवाहिका त्यानेच बोलावली, हे मान्य करतो. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तो मागे सरकला नाही. पांढराफटक पडला होता, पण आवाज तोच, हळू.

"काका, तुम्ही करणार होतात. मी फक्त आधी केलं."

"काय करणार होतो मी?"

"जेसीबी आणलात. गेल्या आठवड्यात बोललातही. बंदच्या दिवशी माझं गेट पाडणार होतात. तुमचं मशिन बाहेर येऊ नये म्हणून मी रस्त्यात चर खणत होतो. फक्त चर. भिंत पाडायची नव्हती मला."

"आणि काल चहा?"

त्याने फोन खिशात घातला. मग म्हणाला, "बंदच्या दिवशी इथे कोणी नसतं, असं मला वाटलं."

या वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा भिंतीचाही नाही. आमच्या पट्ट्यात प्रत्येक शेडच्या भिंतीला टेकून कोणीतरी राहतं. वाशीमचं, हिंगोलीचं, नांदेडचं. बंदच्या दिवशी कारखान्यात फक्त तेच असतात. त्याच्या वडिलांना हे झोपेतही माहीत होतं. ही बाई आजूबाजूच्या शेडमधल्या एकट्या पोरांना डबे करून द्यायची. त्यातले दोघे तर याच्याच मशिनवर काम करायचे. याच्या कामगारांच्या पोटात तिची भाकरी होती आणि याच्या हिशेबात ती नव्हती.

पोलिसांनी दोघांवर चॅप्टर केस केली. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: दोन माणसं पुढे मारामारी करतील असं वाटलं तर पोलीस आधीच दोघांकडून शांतता राखण्याचा जामीन लिहून घेतात. मी साहेबांना म्हणालो, "भिंत माझी पडली आणि जामीन मीच द्यायचा?" साहेब म्हणाले, "तुमचा आवाज ऐकलाय आम्ही. गेट इंद्रायणीत टाकणार होता ना?" ठाण्यात सगळे हसले. मीही क्षणभर हसलो असतो, पण वॉचमन बाकावर बसला होता.

बाईच्या पायाबद्दल वेगळा गुन्हा लागला, निष्काळजीपणाचा. तो ड्रायव्हरवर. मशिन कोणी बोलावलं, चर कुठे खणायचा हे बोट दाखवून कोणी सांगितलं, याचं काही नाही. लिव्हर ज्याच्या हातात होता तो आत गेला.

माझी मुलगी पुण्यात कायदा शिकते. आमच्या घराण्यात कोर्टाच्या पायरीपर्यंत आरोपी म्हणूनच लोक गेले, वकील म्हणून ती पहिली. या प्रकरणात ती माझ्या बाजूने उभी राहील अशी माझी समजूत होती. त्याच दिवसांत टीव्हीवर युद्ध सुरू झालं. एका देशाने दुसऱ्यावर विमानं पाठवली. दोघांच्या वतीने तिसऱ्या देशात बोलणी चालू होती, पुढच्या बैठकीचा दिवसही ठरला होता, आणि त्याआधीच यांनी हल्ला केला. कारण काय, तर तो देश पुढेमागे आमच्यावर हल्ला करणार होता. आमच्या पट्ट्याला त्याचा चटका लगेच बसला. चाकणचा निर्यातीचा माल बंदराकडे निघाला आणि बंदरातच अडकला. ओव्हरटाइम बंद झाला. लोक चहाच्या टपरीवर नकाशे काढायला लागले. देहूरोडच्या बाजूने लष्कराच्या सरावाचे दणके एरवीही येतात, आमच्या कानाला त्यांची सवय आहे. त्या दिवसांत मात्र दणका झाला की माणसं बोलता बोलता थांबायची आणि आभाळाकडे बघायची.

कॉलेजात मुलीची स्पर्धा होती. खोटं न्यायालय भरवतात, दोन बाजू करतात आणि मुलांनी युक्तिवाद करायचा असतो. विषय होता: शत्रू हल्ला करणार असं वाटल्यावर आधीच युद्ध सुरू करणं आंतरराष्ट्रीय कायद्यात बसतं का. चिठ्ठी टाकून बाजू ठरली. हिला आली आधी मारणाऱ्या देशाची.

एका संध्याकाळी मी हॉस्पिटलमधून घरी आलो. बाईच्या पायात सळी घातली होती, पण जखम चिघळली होती. मोरीवर हात धुताना मला स्वयंपाकघरातून माझ्याच मुलीचा आवाज आला. ओट्यासमोर उभी राहून ती फ्रीजला सांगत होती, "महोदय, पहिला घाव पडेपर्यंत वाट बघा, असं कोणत्याही राष्ट्राला सांगता येणार नाही. धमकी जाहीर होती. तयारी डोळ्यांसमोर होती. माझ्या अशिलाने फक्त आधी पाऊल उचललं."

माझ्या हातातला टॉवेल तिथेच राहिला. तेच शब्द. खांबामागे उभा राहून त्याने म्हटलेले.

"कोणाची वकिली चाललीय?" मी ओरडलो. "त्या शेजाऱ्याची? माझ्या घरात?"

"पप्पा, मूट कोर्ट आहे. बाजू मला मिळालीय."

"परत दे."

"दुकानातली साडी आहे का ती, परत द्यायला?" तिची आई आतून म्हणाली. तिचे कान इकडेच होते.

मी खुर्ची ओढली. "बरं. मी त्या दुसऱ्या देशाचा वकील. बोल. कायदा काय म्हणतो?"

ती सांगू लागली. रागात असलो तरी सौद्याच्या वेळी मी नीट ऐकतो. संयुक्त राष्ट्रांची सनद आहे. तिच्यात लिहिलंय की कोणत्याही देशाने दुसऱ्यावर बळ वापरायचं नाही, आणि धमकीही द्यायची नाही.

"धमकीपण नाही?"

"नाही. तिथे ती पहिली मागणी नसते, पप्पा." तिने माझ्याकडे न बघता म्हटलं. "अपवाद एक्कावन्नाव्या कलमात. सशस्त्र हल्ला झाला, तर स्वतःच्या बचावाचा हक्क आहे."

"झाला तर. होणार असेल तर नाही. संपलं. घरी जा."

"इथेच तर भांडण आहे. एक बाजू म्हणते, झाला म्हणजे झालाच पाहिजे. दुसरी म्हणते, सनदेच्या आधीपासून एक प्रथा आहे, ती सनदेने मोडलेली नाही." मग तिने एका जहाजाची गोष्ट सांगितली. अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या नदीत, जवळपास दोनशे वर्षांमागे, कॅनडातल्या बंडखोरांना सामान पुरवणारं एक अमेरिकन जहाज इंग्रजांनी पलीकडच्या काठावर जाऊन पेटवलं आणि प्रवाहात सोडून दिलं. त्यावर जो पत्रव्यवहार झाला त्यातून एक कसोटी निघाली. धोका इतका समोर, इतका प्रचंड असला पाहिजे, की दुसरा मार्ग उरलेला नाही आणि विचार करायलाही वेळ नाही. तसं असेल तरच आधी हात उचलता येतो. तोही धोक्याच्या मापातच, त्याहून जास्त नाही. आणि कधीतरी पुढे हा देश बलवान होईल, म्हणून आजच ठेचा, हे तर जवळपास कोणीच कायदेशीर मानत नाही.

मी खुर्ची आणखी पुढे ओढली. मग म्हणालो, "विचार करायला वेळ नाही?"

"नाही."

"त्याच्याकडे अख्खा चहा होता. अर्धा तास माझ्यासमोर बसला होता. 'काका, जेसीबी कशाला आणलाय' एवढं विचारायला त्याला काय झालं होतं?"

तिने वही मिटली. "हेच मला समोरची बाजू विचारणार आहे. बोलणी चालू होती ना, मग दुसरा मार्ग नव्हता असं कसं म्हणता."

"मग तू काय उत्तर देणार?"

"म्हणणार, बोलणी हा वेळकाढूपणा होता. शत्रू तेवढ्यात तयारी करत होता."

"ही थाप आहे."

"थाप आहे की नाही ते कळायला मार्ग नसतो, पप्पा. समोरचा खरंच करणार होता का, हे आता कधीच कळणार नाही. आधी मारणाऱ्याला तोच फायदा."

मी विचारलं, मग ठरवतं कोण? ती म्हणाली, सुरक्षा परिषद. धोका वाटला तर तिथे तक्रार न्यायची. पण तिथे पाच मोठे आहेत आणि त्यातल्या एकानेही हात आडवा केला तर काही होत नाही.

"म्हणजे ठाण्यात पाच साहेब. आणि आरोपी त्यातल्या एकाचा मेहुणा असला तर तक्रारच घ्यायची नाही?"

"साधारण तसंच."

"त्यापेक्षा आमचं तळवडं बरं. इथे निदान दोघांवर चॅप्टर तरी होते."

ती हसली. मला हसू आलं नाही. कारण त्याच दिवशी दुपारी माझ्याकडे एक माणूस येऊन गेला होता, आणि त्याचं बोलणं मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

तो आमच्या भागातला, हाणामारीसाठी चार टगी पोरं बाळगणारा. गळ्यात साखळी, बोलणं गोड. म्हणाला, "भाऊ, शेजाऱ्याने गेटवर माणसं ठेवलीत, बघितलं ना? तुमचा जेसीबी अजून आवारात उभा आहे. तो घाबरलाय. घाबरलेला माणूस पुन्हा करणार. या वेळी भिंतीवर थांबणार नाही. त्याच्याआधी आपण करून टाकू. तुमचं नाव कुठे येणार नाही."

जेसीबी खरंच उभा होता. रस्त्यात चर, तो बाहेर निघणार कसा? आणि चर बुजवायचा कोणी, यावर दोन्हीकडचे वकील पत्रं लिहीत होते. शेजाऱ्याच्या गेटवर दोन दांडगे येऊन बसले होते. मी आत जाताना ते उठून उभे राहायचे. मी माझ्या बाजूलाही एक माणूस वाढवला. मग त्याने उजेडाचे मोठे दिवे लावले, थेट माझ्या आवारात पडतील असे. मी पत्र्याचा उंच आडोसा घातला. आडोशामागे मी काय करतोय हे त्याला दिसेना, म्हणून तो आणखी घाबरला असणार. हे सगळं मला दिसत होतं, समजत होतं, आणि तरीही सकाळी मी उठायचो ते आज काय वाढवायचं याच विचाराने. त्या गोड बोलणाऱ्या माणसाला मी नाही म्हणालो नाही. "बघू," म्हणालो. आमच्याकडे 'बघू' म्हणजे दार उघडं.

दोन दिवसांनी हॉस्पिटलच्या आवारात म्हातारा भेटला. शेजाऱ्याचा बाप. बाईला बघायला आला होता, पण वॉर्डात जायचं धाडस होईना, म्हणून लिंबाखाली बसला होता. मला बघून उठला नाही.

"बस रं," म्हणाला. मी उभाच राहिलो.

"तुमच्या पोराने माझं काय केलंय बघितलं ना?"

"बघितलं. तू जेसीबी लावीन म्हनायचास, मी लाव म्हनायचो. आपल्याला ठावं व्हतं, कोन लावत न्हाई. पोरानं ऐकलं आन् त्याला खरंच वाटलं. त्याला रातभर झोप न्हवती बुधवारी."

"झोप नव्हती तर माझ्याकडे यायचं. आला होता की. चहा पिऊन गेला."

"व्हय. त्येच तर म्हनतो मी त्याला. आलाच व्हतास तर इचारायचं व्हतंस." म्हाताऱ्याने काठीने माती उकरली. "त्यो म्हनतो, इचारलं आसतं आन् काका खोटं बोलला आसता तर?"

मग त्याने मान वर केली. "तू बी आता काय करू नगंस. त्या साखळीवाल्याला आमी लहानपनापासनं वळखतो. त्यो तुझ्याकडं आला ना? आमच्याकडं बी आला व्हता. तुझ्या आधी."

मी त्याच्याशेजारी खाली बसलो. एकच माणूस, दोन्ही दारात, एकच वाक्य: समोरचा करणार आहे, तुम्ही आधी करा. आणि शेजाऱ्यानेही त्याला माझ्यासारखंच 'बघू' म्हटलं असणार. त्या दुपारी मी त्या माणसाला फोन करून नाही म्हणालो. आवाज चढवून नाही, साधं नाही. शेजाऱ्याने काय उत्तर दिलं, मला माहीत नाही. आजही तळवड्यात पाय ठेवताना मी आधी त्याच्या गेटकडे बघतो.

मुलीच्या स्पर्धेला मी गेलो. शेवटच्या रांगेत बसलो. ती छान बोलली. तिने ते जहाज आणलं, धोका आणला, तयारी आणली, छोटा देश आणि मोठी क्षेपणास्त्रं आणली. समोरच्या मुलाने बोलण्यांचा मुद्दा काढला, तिने वेळकाढूपणाचं उत्तर दिलं, आणि परीक्षकांनी मान डोलावली. मला वाटलं होतं की मला राग येईल. राग नाही, भीती वाटली. इतकं चांगलं बोलता येतं तर. हे सगळं खरंच इतकं व्यवस्थित मांडता येतं. तिची बाजू जिंकली. तिथे प्रेक्षकांना प्रश्न विचारता येत नाहीत, हे एका मुलाने मला हात खाली करायला सांगताना सांगितलं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "विमानांखाली जी माणसं होती, ती कोणाच्या युक्तिवादात होती?"

"दोन्हींच्या," ती म्हणाली. "आम्ही म्हटलं, नुकसान मापात होतं. त्यांनी म्हटलं, मापाबाहेर होतं."

मग ती गाडीत माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "पप्पा, हॉस्पिटलला चला."

आम्ही पोचलो तेव्हा बाईला आत नेलं होतं. वॉचमन बाहेर बाकावर, हातात तिच्या दोन्ही चपला. जखमेतलं विष वर चढत होतं, डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढायचा निर्णय घेतला होता. मुलगी त्याच्याजवळ बसली. तिच्या पिशवीत स्पर्धेत मिळालेली ढाल होती. ती पिशवी तिने बाकाखाली पायाने आत सरकवली.

पुढच्या भेटीला बाई बोलू लागली होती. मला वाटलं होतं, ती मला काही म्हणेल. माझा आवाज, माझी धमकी, माझा जेसीबी, हे तिलाही कोणीतरी सांगितलं असणारच. तिने विचारलं, "साहेब, त्यो मशिनवाला सुटला का? लई रडत हुता. त्यानंच माझ्यावरचा पत्रा काढला."

नव्हता सुटला.

गेल्या महिन्यात आमच्या कारखानदारांच्या संघटनेने दोघांना समोरासमोर बसवलं. शेजारी वकील घेऊन आला. वकिलाने सांगितलं की त्यांच्या अशिलाला वाजवी भीती होती, धमकीचा पुरावा आहे, उपाय मर्यादित होता, आणि झालेली इजा हेतूपूर्वक नव्हती. सगळं ओळीने. मला ते पाठ होतं, फ्रीजसमोर उभं राहून केलेलं. मला विचारण्यात आलं, तुमची मागणी काय? भिंत बांधून हवी? चर बुजवून हवा? खांब हटवून हवा?

खांब ते हटवतील. भिंत मी बांधीन. आयुष्यात पहिल्यांदा मी सौद्याला बसलो आणि माझ्याकडे एकच मागणी होती. ती तिथे सांगितली, आणि तिच्यावर अजून उत्तर नाही, म्हणून इथे पुन्हा लिहितो.

ड्रायव्हर ज्या गुन्ह्यात अडकला आहे त्या गुन्ह्यात 'खण' म्हणून बोट दाखवणाऱ्याने स्वतःहून जाऊन आपलं नाव लिहून द्यावं. आणि त्याआधी त्याने महापालिकेच्या हॉस्पिटलात यावं. वकील नको, वडील नकोत. बाईच्या कॉटसमोर उभं राहून, मला जे सांगितलं ते तिला सांगावं, त्याच हळू आवाजात: तुम्ही करणार होतात, मी फक्त आधी केलं. ती तव्यावर भाकरी टाकत होती. ती काय करणार होती, हे त्याने तिला सांगावं. मी बाहेर बाकावर बसतो आणि उत्तर ऐकल्याशिवाय उठत नाही.